कागदावर नसलेली चोरी

हॅलो?… हॅलो, कोण?… कोण शिवकन्या?… अगं बया. भालकीच्या शाळेतली? माझ्या बाकावरची?… मग तसं सांग की. नंबर नवा दिसला, मला वाटलं पुन्हा बँकेतनं बोलतो म्हणणारा कुणी असंल. थांब जरा, कुकर ओरडायलाय, गॅस बारीक करते… हं. बोल आता.

व्हय, व्हय, मी अंबिकाच. तू ठाणाकुशनूरलाच का अजून?… शाळेवरच? बरं हाय की. आपल्या वर्गात पाढे येत नव्हते कुणाला, तर तुला अन् मला. अन् आता तू पोरांना पाढे शिकवायलीस. देवाची करणी बग… बरं, बरं, तुझ्यापुढं देव म्हणत न्हाई. नशीब म्हणते… तेबी नको? मग काय म्हणू गं? तू शाळेत असतानाबी अशीच होतीस. सत्यनारायणाचा शिरा तेवढा दोनदा घ्यायचीस.

मालक? बरे हायत. इथंच बसलेत माझ्यापुढं, शेंगा फोडायलेत. बियाला लागत्यात. आयतवारी तेवढं एक काम सांगते, बाकी दिवस दुकान… व्हय, तेच, सायकलचं. आता सायकली कुठं राहिल्यात, पंक्चर काढत्यात नुसतं.

तुझ्याकडं कोण आलंय का? कपबशांचा आवाज यायलाय… पाव्हणे? मग पाव्हणे सोडून मला कामून फोन केलीस?… पोरीचं? प्रतीक्षाचं? अगं, बिदरच्या बसस्टँडवर भेटलो तवा तुझ्या कडेवर होती ती. आइस्क्रीम माझ्या लुगड्याला पुसलती… नर्स झाली? कलबुर्गीला? चांगलं झालं बाई. पायावर उभी हाय म्हंजे निम्मी काळजी गेली.

हं… हं… मुलगा आमच्या गल्लीतला? आमच्या गल्लीत तुमच्यातलं घर तर एकच होतं… सावित्रीबाईचा? रत्नपाल?

अगं मग इचारायलीस काय, डोळे झाकून दे. इथं गावाबाहेर कोळारला कंपनीत हाय, कायम झालाय. दारू न्हाई, तंबाखू न्हाई. आमच्या सासूबाईंना लकवा मारलता तवा आम्ही सगळे रिक्षा रिक्षा करत गल्लीभर हिंडायलो, अन् ह्यो तोवर पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचलाबी. सासूबाई मरेपर्यंत त्याचं नाव काढायच्या. स्वतःच्या पोराचं कधी काढल्या न्हाईत… हे बगायलेत माझ्याकडं. बगू देत, खरंच हाय.

…काय?

…कोण सांगितलं?

न्हाई, न्हाई. तू आधी सांग कोण सांगितलं… वीरण्णा? आमच्या समोरचे वीरण्णा काका?… लग्नात भेटले. हं. त्या माणसाला एका लग्नात जेवायचं म्हंजे दुसरं एक मोडल्याबगर घास उतरत न्हाई.

…व्हय.

…व्हय. आमच्याच घरी झालती चोरी. खोटं कशाला बोलू? देव गेले आमचे… देव म्हंजे टाक गं, चांदीचे. आमचे आजे-पणजे मेंढरामागं फिरायचे, तवापासनं चालत आलेले. मैलारचा मल्लण्णा म्हंजे खंडोबा, बाणाई, बाकीचे. सासूच्या सासूनं पदरात बांधून आणलेले. देव्हाऱ्यातनं डबीसकट गेले. लॉकडाऊनमध्ये, त्या पहिल्या, कडक असलेल्या.

अगं ऐक ना… ऐक तर. चोरी झाली हे खरं. त्यानं केली हे खोटं. लोकांनी दोन्ही एका दोरीत बांधलं, त्याला मी काय करू.

…पेपरात वाचलीस व्हय? लॉकडाऊनमध्ये चोऱ्या बंद पडलत्या म्हणून? मीबी वाचलेते. पेपरवाल्याला काय, ठाण्यात जेवढं लिहिलंय तेवढं छापतोय. आमच्या भागात एकबी चोरी नाही असंच आलतं… बंद कुठल्या पडल्यात. जागा बदलल्या नुसत्या. तूच इचार कर की. दाट वस्तीत सगळे चोवीस तास घरात, म्हाताऱ्या उंबऱ्यावर, पोरं गच्चीवर. तिथं चोर शिरणार कुठनं? म्हणून ते गेले नव्या प्लॉटिंगकडं. तिथली नोकरदार माणसं बंगल्याला कुलूप लावून गावाकडं पळालती. तिथं म्हणं आरामात, पंखा लावून चोऱ्या केले. कोळारकडं गोदामं बंद, राखणवाला पळून गेलेला, तिथनं तांब्याची वायर गेली. बाजारात सोनाराला कुणी हात लावला न्हाई, पण गुटख्याच्या दुकानाचं पत्र्याचं शटर कापले. सोन्यापेक्षा गुटखा महाग झालता बाई तवा… हसू नको, खरं सांगायलेय. अन् दारूची दुकानं तर इचारूच नको.

अन् पलीकडच्या गल्लीत रोज बायकांचं रडणं यायचं. नवरे घरात, काम न्हाई, रोजगार न्हाई, हात मोकळे. तो गुन्हा कुठल्या पेपरात आला सांग… न्हाई आला. मार खायला बाहेर जावं लागत न्हाई, अन् तक्रार करायला बाहेर जायला बंदी. कसं जायचं?

व्हय… व्हय, तेच सांगायलेय, आमच्या गल्लीचं. तुम्ही खेड्यात रस्ते खोदलाव, आम्ही गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलो. बांबूवर बाभळीच्या काट्या. गल्लीला तोंड एकच. बाहेरचं कुणी आत न्हाई, आतलं कुणी बाहेर न्हाई. भाजी, दूध, गोळ्या, जे काय असंल ते बांबूपाशी उतरवायचं, अन् तिथनं घरोघर पोचवायला रत्नपाल. त्याची कंपनी बंद होती ना. कुणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन करायला लागला. प्रत्येकाच्या घरात जाऊन ठेवायचा, चुलीपर्यंत. म्हाताऱ्यांची बीपीची गोळी कुठली, साखरेची कुठली, त्यांच्यापेक्षा त्याला पाठ.

अन् गल्ली बंद म्हटल्यावर लोकांनी दारं उघडी टाकली. पिढ्यान्पिढ्या कुलूप लावणारी माणसं. चोर येणार कुठनं? काट्या हायत की. उन्हाळा होता, दुपारी सगळ्या बायका गच्चीवर. दुसरं काम काय होतं? त्या साली आमच्या गल्लीत एवढ्या कुरडया झाल्या की अजून कुणाच्या तरी डब्यात सापडतील. मीबी वरच होते, सासूबाईबी. खाली आले, दिवा लावायला गेले, तर देव्हारा मोकळा.

…पोलिसात? गेलतो की. म्हंजे मालक न्हाई गेले, वीरण्णा काका अन् मी गेलो, बांबूपर्यंत. तिथल्या नाक्यावर एक पोलीस होता, उन्हानं भाजून निघालेला बिचारा. तो म्हणाला, अक्का, सगळा स्टाफ बंदोबस्तात हाय, पंचनाम्याला कोण येणार? बाहेरचा माणूस आत आलता का? वीरण्णा काका छाती काढून म्हणाले, चिमणी आत येत न्हाई. मग आतल्यांनाच इचारा की, म्हणाला पोलीस. लॉकडाऊन उठल्यावर या, लिहून घेतो… न्हाई, नंतर कोण गेलं? नंतर गेलोच न्हाई.

चुकलं म्हंजे काय, चुकलंच. पण तवा ते वाक्य सगळ्यांच्या डोक्यात बसलं. बाहेरचा आला न्हाई, म्हंजे चोर आतला. हिशोब किती सोपा बग. काट्या आम्हीच लावलो, अन् त्या काट्यांनीच आम्हाला सांगितलं की चोर तुमच्यातलाच हाय. आधी चोरी झाली की लोक म्हणायचे, कुठनं आला असंल, कुठं गेला असंल. आता कुठं गेला म्हणायची सोयच न्हाई. शेजाऱ्याच्या ताटात काय हाय हे बगायला लागले लोक.

मग वीरण्णा काकांनी तोड काढली. आयतवारी, मल्लण्णाच्या वारी, सगळ्या बापय गड्यांनी बेलभंडार उचलायचा… व्हय. हातात बेल अन् हळद घेऊन म्हणायचं, मी देव घेतले न्हाईत. ज्यानं खोटं उचललं त्याचं वर्ष निघत न्हाई असं म्हणत्यात… मला माहीत हाय तुला काय वाटायलंय. म्हण, म्हण, मी ऐकायलेय… झालं?… हं. तर सगळ्यांनी उचलला. बेकरीवाले चाचा म्हणाले, मेरा रोजा है, मैं अपने तरीके से बोलता. सगळे म्हणाले, चाचा, तुम्हारा जबान बस. संपलं. रत्नपालची पाळी आली…

…न्हाई. न्हाई उचलला.

…काय म्हणलीस? तुमच्यात बेलभंडार कोण उचलतंय?

व्हय. तुला कळलं. बग, तुला एका घडीत कळलं, ते आमच्या गल्लीला इतक्या वर्षांत कळलं न्हाई. तो सरळ म्हणाला, आमच्या आज्यानं छप्पन्न साली हे सगळं सोडलंय, मी बेलभंडार उचलत न्हाई. मी देव घेतले न्हाईत, एवढं तोंडानं सांगतो. बास. एवढंच. शांत बोलला गं. आवाज चढवला असता तरी बरं झालं असतं. सगळे एकमेकांकडं बगायला लागले. उचलला न्हाई म्हंजे भ्याला. भ्याला म्हंजे घेतला.

…तेच की. चाचाची जबान चालली, ह्याची न्हाई चालली. ह्याला कुणी इचारलंबी न्हाई, बाबा तुमच्यात कसं असतं. इचारलं असतं तर… जाऊ दे. मीबी तिथं उभी होते, मीबी इचारले न्हाई. मला माझे देव दिसायले होते, दुसरं काय दिसतंय तवा.

दुसऱ्या दिवशी कुणी काय बोललं न्हाई. भांडण न्हाई, शिवी न्हाई. नुसतं दूध त्याच्या हातनं घेणं बंद झालं. आपापली माणसं बांबूपर्यंत जायला लागली. सावित्रीबाई दारात आल्या की समोरच्या बाया आत. कोरोना नव्हता त्यांच्या घरात, पण क्वारंटाइन सगळ्यात मोठं त्यांचंच झालं. लॉकडाऊन उठला, सगळ्यांचं उठलं, त्यांचं उठलं न्हाई. शेवटी घर भाड्यानं देऊन कोळारकडं गेले राहायला.

आधीच्या सोयरिकी? व्हय, मोडल्यात. औरादची एक, हुमनाबादची एक. हेच कारण. कुणी ना कुणी वीरण्णा असतोच गं प्रत्येक लग्नात. अन् त्यानं करावं तरी काय? केस झाली असती तर कोर्टातनं सुटला तरी असता, कागद दाखवला असता. केसच न्हाई. नसलेल्या केसमधनं माणूस सुटणार कसा?

…हं… हं… योगीराज भाऊजी काय म्हणत्यात?… मोडा म्हणायलेत. अन् प्रतीक्षा?… तिला पसंत हाय. मग?

…मी सांगायलेय ना, त्यानं न्हाई घेतले. ज्याच्या घरची चोरी तो सांगायलाय, अजून काय पाहिजे?… कसं माहीत म्हंजे? माहीत हाय… अगं माणसाची पारख असते की न्हाई… हे बग शिवकन्या, लहानपणापासनं बगायलेय मी त्याला…

…तसं सगळेच सांगत्यात. बरोबर हाय तुझं. पोरगा चांगला हाय, पोरगा चांगला हाय, हे सगळेच सांगत्यात. पोरीची आई म्हणून मला फोन आला असता तर मीबी असंच इचारले असते. मग कोण घेतलं, सांग, म्हणले असते.

…थांब. मी जरा मागच्या दारी जाते, इथं…

…न्हाई. कामून जाऊ? जात न्हाई. इथंच बसते. आज बोलले न्हाई तर त्या पोरीचंबी मोडंल अन् त्याचंबी.

अहो, हात कामून हलवायलाव? शेंगा सांडायल्यात बगा.

…न्हाई, तुला न्हाई, ह्यांना म्हणले. ऐक. मालक माझ्यापुढंच बसलेत, अन् त्यांच्यापुढंच सांगायलेय, म्हंजे मागनं म्हणायला नको की बायको फोनवर कुचुकुचु करते. आमचे मालक प्यायचे. तुला माहीत नव्हतं. गल्लीलाबी माहीत नव्हतं, दुकान बंद करून, दोन घोट घेऊन, जेवून झोपायचे. कुणाला त्रास न्हाई. पण दारूची दुकानं बंद झाली अन् ह्यांचे हात कापायला लागले. आमटी ताटात पडायच्या आधी शर्टावर. मला वाटायचं, कोरोनाच्या भीतीनं. मी रोज हळदीचं दूध पाजायले. मी हळदीचं दूध पाजायलेय अन् हे दुसरीच सोय करायलेत.

एक दूधवाला होता. महाराष्ट्राकडनं यायचा. दुधाला पास होता ना, पोलीस सोडायचे. कॅनमध्ये वर दूध, तळाला बाटल्या. बांबूपाशी दूध उतरवायचा अन् मागच्या बोळात जाऊन नाल्याच्या भिंतीवरनं आमच्या परसात. गल्लीचं तोंड रत्नपाल राखायलेला अन् पाठ आमचे मालक उघडी टाकायलेले… व्हय. चिमणी आत येत न्हाई म्हणं.

घरात बायको असते, आई असते, म्हणून ह्यांनीच त्याला वेळ सांगितली. दुपारी सगळ्या गच्चीवर असत्यात, मागचं दार उघडं असतं, तांदळाच्या कोठीमागं ठेवून जा. त्यानं ठेवली. सांगितल्या जागी बरोबर ठेवली, प्रामाणिक माणूस. अन् जाताना देव घेऊन गेला. नंतर त्यो कधी दिसलाच न्हाई.

…ह्यांना त्याच दिवशी कळलं. बाटली सापडली, देव न्हाईत. दोन अन् दोन चार करायला काय मास्तरीण लागते?

…उचलला की. ह्यांनीबी बेलभंडार उचलला. सगळ्यांत आधी. मी देव घेतले न्हाईत, असं म्हणून उचलला, अन् ते खरंच होतं गं. देवाला फसवायचं तर खरं बोलूनच फसवावं लागतंय.

मला?… मला आत्ता कळलं, मागल्या महिन्यात. नवे टाक घडवून घ्यायचे म्हणून मी दर साली पाठी लागायचे, अन् हे दर साली पुढल्या साली म्हणायचे. औंदा मीच ऑर्डर दिली. मैलारला देव भेटवायला नेलो. तळी उचलायची वेळ आली, सगळ्यांनी ताटाला हात लावला, अन् हे हात मागं बांधून उभे. पुजारी म्हणाला, मालक, हात लावा. हे लावनात. माझ्या दिरानं हात धरून पुढं ओढला तर हे हिसडा मारून पायऱ्या उतरले… न्हाई, प्यालेले नव्हते. दारू कधीच सुटली, त्या दिवसापासनंच सुटली, हेबी मला आत्ता कळलं. मी आपली गावभर सांगत फिरायचे, लॉकडाऊननं एक चांगलं झालं, आमच्या मालकांची तब्येत सुधारली.

घरी आलो, अन् चपला काढायच्या आधी, दारातच सगळं सांगितले.

…मग काय? दोन दिवस मी ह्यांना ताट वाढले न्हाई. तिसऱ्या दिवशी म्हणले, सावित्रीबाईकडं जावा अन् सांगा. म्हणाले, जातो, उद्या. तवापासनं रोज उद्याच. कोळार इथनं किती लांब हाय? पण ह्यांचं उद्या लई लांबचं गाव हाय, तिथं कुठलीच बस जात न्हाई.

…हं. आता तूच सांग, हे सांगितल्यावर भाऊजींना पटंल का?… पटंल ना? बास. सोयरीक मोडू नको. पण अगं, हे तुझ्यात अन् भाऊजीत ठेव. मालक आज ना उद्या सांगतील, त्यांच्या तोंडनं जावं, माझ्या न्हाई. एवढं तरी…

…काय?

…कसलं स्पीकर?

…सुरुवातीपासनं?

…कोण कोण हाय तिथं?… सावित्रीबाई? पाव्हणे म्हंजे त्याच?… रत्नपालबी?

…न्हाई, ऐकायलेय. बोल तू… हं… सोयरीक न्हाई म्हणून सांगायला तुम्ही त्यांना बोलवून घेतलाव. अन् त्या म्हणाल्या, मोडा, पण आधी जिच्या घरी चोरी झाली तिला इचारा… माझं नाव त्यांनीच सांगितलं?… काय म्हणाल्या?… परत म्हण… अंबिकाक्का खोटं बोलणार न्हाई.

…

…न्हाई, तुझ्यावर रागावून काय करू. मला सांगितलं असतंस तर मी असं बोलले नसते, गोड-गोड बोलले असते, अन् झालं तेच बरं झालं. सावित्रीबाई, ऐकायलाव ना तुम्ही? माझ्यावर एवढा विश्वास टाकायसारखं मी काय केलंय हो? दूध घेणं बंद केलं त्यात आमचंबी घर होतं… बरं. बरं, मोठं मन हाय तुमचं. पण माझ्या सांगण्यावर राहू नका. उद्या वीरण्णा काका म्हणतील, बाईमाणूस, कीव आली असंल. जिनं चोरी बगितलीच न्हाई तिच्या शब्दाला काय किंमत. ज्यानं चोराला घरात बोलवलं तो इथं बसलाय.

थांबा… अहो. उठा… पाखडून होतंय ते नंतर. उठा म्हणते… हात पुसा. सावित्रीबाई हायत… व्हय, सगळं ऐकलं त्यांनी… मला काय बगायलाव, मी माझं बोलले. धरा.

हॅलो… व्हय… मी व्यंकट… व्हय, सावित्रीबाई…

…न्हाई, लाईन तुटली न्हाई. तुमचा आवाज यायलाय. सांगतो.

…देव रत्नपालनं घेतले न्हाईत… हं… मी बोलवलेला माणूस होता… व्हय, तीच म्हणाली ते सगळं खरं हाय. एक अक्षर जास्त न्हाई… तवाच. तवाच माहीत होतं मला…

…कामून म्हंजे… दारूचं कळंल म्हणून. आईला कळंल, गल्लीला कळंल… व्हय. एवढ्यासाठीच. दुसरं कारण न्हाई. मीबी लई शोधलं, न्हाई सापडलं…

…न्हाई, तुम्ही बोला. बोला, मी ऐकतो… हं… हं… ते घरबी सोडलाव, माहीत हाय… त्याचे बाबा त्याच साली गेले… मी आलतो माळ घेऊन. दारात आलतो. तिथनंच परत गेलो…

…हं.

…आत्ता? फोनवरच?… कुणाकुणापुढं?… भाऊजी हायत, त्यांचे भाऊ, अंगणात बसलेली माणसं… बोलवा. सगळ्यांना बोलवा. मी धरतो… न्हाई, ठेवत न्हाई. किती वेळ लागायचा तो लागू द्या.

अंबिका… समोर वीरण्णा काका हायत का कट्ट्यावर?… अन् कोण कोण हाय?… चाचाबी?… असू देत. तू दार उघड. पुढचं… पूर्ण उघड, दोन्ही फळ्या. मी उंबऱ्यावर उभा राहून बोलतो.

हॅलो… आले का सगळे?… रत्नपाल हाय ना पुढं?… मग ऐका. मी व्यंकट बोलायलोय.